लिंबाएवढा सायलेन्सर

बोईसर,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. दिगू यास,
ताईचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

पत्रास कारण की, माझी चहाची गाळणी गेली. गेली म्हणजे हरवली नाही, कामी आली. आईच्या वेळेपासून टिकलेली ती स्टीलची गाळणी बाबांनी गेल्या बुधवारी विमानाचं इंधन गाळायला घेतली. मिथेनॉल आणि एरंडेल. मिथेनॉल हे विष आहे, त्याची भांडी स्वयंपाकात वापरू नयेत, हे मी पालघरच्या कॉलेजात अकरावीच्या पोरांना दरवर्षी घसा फोडून सांगते. आणि संध्याकाळी घरी येऊन त्याच गाळणीतून गाळलेला चहा प्यायले. मेले नाही, हे पत्र त्याचा पुरावा. पण एरंडेलाचा घोट बिस्किटाबरोबर घेतल्यासारखं वाटलं. गाळणी हातात धरून मी जरा वेळ उभी राहिले आणि मग ती गॅलरीत बाबांच्या हत्यारांच्या डब्यात ठेवून दिली. सुतक पाळलं नाही. चहा मात्र एक दिवस वर्ज्य केला.

सध्या पहिल्या मजल्यावरच्या भाविकाची गाळणी उसनी आणली आहे. आता यातली गंमत ऐक. या भाविकाच्या नवऱ्याने, मेहुलने, आपल्या बाबांविरुद्ध सोसायटीत अर्ज दिलाय. म्हणजे मी ज्या गाळणीतून बाबांना चहा देते ती फिर्यादी पक्षाची आहे.

अर्ज वाचण्यासारखा आहे. ‘सदर इसम दर रविवारी सकाळी मैदानाच्या मध्यभागी उभे राहून दोन पोलादी तारांना बांधलेले इंजिनाचे विमान हातातील हँडलने स्वतःभोवती गोल फिरवितात, व इंधन संपेपर्यंत ते थांबत नाही व कर्कश आवाज येत राहतो.’ बाबांच्या पन्नास वर्षांच्या छंदाचं इतकं नेमकं वर्णन आपल्यापैकी कुणी केलं नव्हतं. सदर इसमाची मुलगी तारांच्या दुसऱ्या टोकाला विमानाची शेपूट धरून उकिडवी बसते आणि इसमाने हात वर केला की सोडते, हे अर्जात नाही. इतिहासात शेपूट धरणाऱ्यांची नोंद नसतेच. लहानपणी तू मधे उभा राहून बाबांबरोबर हँडल धरायचास आणि मी शेपूट. तू मोठा होऊन चाकणला गेलास. शेपूट माझ्या हातात राहिली.

मेहुलचं चुकलं नाही, हे मी तुला आपलं म्हणून सांगते. त्याला एमआयडीसीत रात्रपाळी असते, घरात तान्हं मूल आहे, आणि चार इमारतींच्या मधल्या त्या चौकात ते इंजिन असं किंचाळतं की भिंतींना दात असते तर आंबले असते. सातपाटीहून मासळी घेऊन येणारी चिमीसुद्धा रागावली आहे. तिचं म्हणणं, तुमचा बाबा इमान फिरवते तवा माजी आरोळी मलाच आयकू येत नाय, गिऱ्हाइकाला कुठून येल? रविवार हा तिचा धंद्याचा दिवस.

तर कार्यकारिणीने ठराव केला आणि सचिवांनी नोटीस बजावायची ठरली. सचिव मी. मी सचिव कशी झाले ते तुला माहीत आहे, सभेला उशिरा पोचले म्हणून. नोटीस सदस्याच्या हातात देऊन सही घ्यायची असते. मी आपल्याच दाराची बेल वाजवली. उघडलं नाही. पुन्हा वाजवली, तिसऱ्यांदा बोट दाबूनच ठेवलं. शेवटी किल्लीने दार उघडून आत गेले, तर बाबा दाराशेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेले. वर बघून म्हणाले, आज लवकर सुटलीस. नोटीस वाचली, सही केली, आणि माझी प्रत परत देऊन स्वतःची प्रत इंजिनाखाली तेल टिपायला अंथरली.

ठराव असा की, इंजिनाला सायलेन्सर लावावा, नाहीतर विमान बंद. बाबा म्हणतात, सायलेन्सरने इंजिनाचा गळा आवळला जातो आणि विमानाचं नाक जड होतं. पण विमान बंद म्हणजे काय होईल ते तुला वेगळं सांगायला नको. आठवड्यातले सहा दिवस ते त्या सातव्या दिवसाची तयारी करतात. तू मोटारसायकलींचे सायलेन्सर बनवणाऱ्या कारखान्यात एवढा साहेब आहेस, लिंबाएवढा एक करून पाठव.

दूध उतू जाणं चालूच आहे. परवा नळ उघडा राहून मोरीतलं पाणी हॉलपर्यंत आलं, आणि बाबा हॉलमध्येच होते. गोळ्या घेतल्या का विचारलं की हो म्हणतात. डबीत गोळ्या तशाच.

फोन करू नकोस. फोनवर आपण दुसऱ्या मिनिटाला भांडतो. पत्रात निदान एक बोलत असताना दुसरा गप्प असतो.

कळावे. माझ्यावरचा लोभ आणि सायलेन्सर या दोन्हींपैकी एकच पाठवता येत असेल, तर सायलेन्सर पाठव.
तुझी ताई,
वर्षाराणी

*

चाकण,
२६ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबतच्या खोक्यात सायलेन्सर आहे. ॲल्युमिनियमचा, आत दोन आडव्या जाळ्या. बाजूला जी बारीक नळी काढली आहे ती टाकीला जोड, म्हणजे धुराच्या दाबाने इंधन एकसारखं येईल. नाक थोडं जड होईल. शेपटीला शिशाचा तुकडा चिकटवायला बाबांना सांग. कारखान्यात सगळे हसले. आमचा फोरमन म्हणाला की साहेब, डासाला बसवायचा का?

आवाज किती उतरला तेही मोजलं. मोजायच्या यंत्रावर पंधरा पावलांवरून जेमतेम शिलाई मशीनएवढा येतो. मेहुलभाई झोपतील.

आता दुसरं. बेल वाजून दार उघडलं नाही, हे तू विनोदाने लिहिलंस. मला हसू आलं नाही. दूध, नळ, गोळ्या, आणि आता बेल. ताई, शेजारच्या देशपांडेकाकूंचं अस्संच सुरू झालं होतं. समोर असून नसल्यासारखं. विचारलं की हो म्हणायचं. पुढे त्या गॅस उघडा ठेवून देवळात गेल्या. तू दिवसभर पालघरला. बाबा एकटे.

हिमानीचं आणि माझं बोलणं झालं आहे. खालची खोली रिकामी करतो. दिवसभराची बाई मिळेल. २६ जानेवारीला सुट्टी आहे, गाडी घेऊन येतो आणि बाबांना घेऊन जातो. फ्लॅट भाड्याने दे किंवा बंद ठेव, तू म्हणशील तसं. तूही मोकळी होशील. किती वर्षं तू कुठे गेली नाहीस?

विमान इथे उडवता येणार नाही, पण तोवर त्यांना उडवू दे. म्हणून तर सायलेन्सर केला.

लोभ आहेच, रागही आला असेल तर तो पत्रातच काढावा.
तुझा,
दिग्विजय

*

बोईसर,
९ डिसेंबर २०२४

चि. दिगू यास,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

राग आला होता. तो काढायला बसणार होते, पण काल जे झालं त्याने तो जागच्या जागी विझला.

सायलेन्सर पोचला तेव्हा बाबांनी तो तळहातावर तोलून पाहिला, वीट आहे म्हणाले, आणि त्याच रात्री बसवून टाकला. शेपटीला शिसं लावलं. गेल्या आणि कालच्या रविवारी आम्ही मैदानात उतरलो. बाबांनी पंखा फिरवून इंजिन सुरू केलं, इंधन कमीजास्त करायची सुई पिळून आवाज जमवला. मी शेपूट धरली. ते तारांच्या कडेने चालत मध्यावर गेले, हँडल उचललं, माझ्याकडे वळले. मी त्यांचा हात वर व्हायची वाट बघत बसले.

हात वर झालाच नाही, दिगू. इंजिन माझ्या कानाशी चालू होतं, तुझ्या शिलाई मशीनपेक्षा बरंच जास्त. शिलाई मशीन ते लांबून. बाबा मधे उभे. माझ्याकडे बघतायत. काहीतरी बोलले, ते मला इंजिनामुळे कळलं नाही. मी मान हलवली. ते उभेच. हँडल हातात, तारा गवतात सरळ पडलेल्या, आणि बाबांना पुढे काय करायचं ते आठवत नाही. इंधन माझ्या हातातच संपलं. मग ते चालत आले, पुन्हा टाकी भरली, पुन्हा तेच. कालही तसंच.

पन्नास वर्षं जी गोष्ट त्यांचा हात आपोआप करायचा, ती हात विसरला. मी तुझ्याशी वाद घालणार नाही. तुझं बरोबर आहे.

मेहुल मात्र खूश आहे. वर येऊन सांगून गेला की, दीदी, अंकल के लिए पहले भी रिस्पेक्ट था, अब और है. चिमीची आरोळी आता थेट चौथ्या मजल्यापर्यंत पोचते. संपूर्ण समुद्रगंध सोसायटी शांत आहे. या सोसायटीत समुद्राचा गंध सोडून कारखान्यांचे बाकी सगळे गंध येतात, आता तिथे विमान सोडून बाकी सगळे आवाज येतात.

एक गोष्ट तुला लिहिते, ती वाचून विसर. परवा मी माळ्यावरून सूटकेस काढली आणि पुसून ठेवली. कुणासाठी, ते स्वतःला विचारलं नाही. बाबांचे कपडे त्यात मावतील. माझेही मावतील. वाघोबा खिंडीपलीकडे मनोरला मी दरवर्षी जाते ते पेपर तपासायला. त्यापुढे हायवे कुठे जातो हे मला नकाशावरूनच माहीत आहे. सव्वीस जानेवारीनंतर मी त्या हायवेला लागून कुठल्याही दिशेला जाऊ शकेन, आणि संध्याकाळी सहाला कुणाच्या चहाची वेळ होणार नाही. हे मनात येऊन बरं वाटलं. बरं वाटलं याचं वाईट वाटलं. मग त्याच क्रमाने पुन्हा.

भाविकाची गाळणी अजून इथेच आहे. देईन म्हणते, राहून जातं.

कळावे. लोभ कमी करू नकोस, मी तो सध्या कामात घेतलाय.
ताई

*

बोईसर,
१५ डिसेंबर २०२४

चि. दिग्विजय यास,
बन्सीधरचे अनेक आशीर्वाद. विशेष.

तू पाठविलेला सायलेन्सर मिळाला. काम सुबक आहे, कडा चांगल्या मारल्या आहेत. परंतु त्याने इंजिन बंद पडते. सुरू होते, मी हात लावून पाहतो, थरथर बरोबर असते. मी मध्यावर जाऊन वळेपर्यंत बंद पडलेले असते. तीन रविवार असेच झाले. आतील जाळ्यांपैकी एक काढून टाकावी, असे माझे मत आहे. गळा फार आवळला गेला आहे.

वर्षा शेपूट धरून नुसती बसून राहते. इंजिन बंद पडले तर तिने हात हलवून सांगायला हवे, पूर्वी सांगत असे. मी विचारले तर मान हलवते. तिला कंटाळा आला असावा. तिच्या वयाच्या बायका सहलीला जातात.

तू मला नेणार आहेस हे मला कोणी सांगितले नाही. सूटकेस खाली काढलेली पाहिली, तेव्हा समजलो. मी हट्ट करणार नाही. वर्षाला सुटका मिळत असेल तर मी येईन. तुमच्याकडे मोकळे मैदान आहे का, तेवढे कळव. तारा सोळा मीटर आहेत, म्हणजे सगळीकडून त्याहून थोडे जास्त लागते.

आताशा सगळीकडे फार शांत झाले आहे. लोकही हळू बोलतात. बहुधा माणसे सुधारली.

सौ. हिमानीस व चि. दर्पणला आशीर्वाद. उत्तर कागदावर लिहावे, फोन नको.
बन्सीधर

*

चाकण,
२३ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र आलं. ते लिहितात, इंजिन बंद पडतं. तू लिहितेस, ते टाकी रिकामी होईपर्यंत चालू असतं. मी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून बघत बसलो. मग एका डॉक्टरांना दाखवली. ते म्हणाले, असंच असतं. पुढचं आठवलं नाही की मन त्याला काहीतरी कारण जोडून देतं, आणि त्या माणसाला ते खरंच वाटतं.

तेव्हा ताई, आता थांबायला नको. मैदानाचं बाबांना काय लिहू ते मला कळत नाही. आमच्याकडे गाड्या लावायची जागा आहे. मी ‘बघतो’ म्हणून लिहिलं आहे.

खोलीला रंग देऊन झाला. दर्पणला वाटत होतं की ती त्याला मिळणार. त्याची समजूत काढली. २६ जानेवारीला सकाळी निघतो, दुपारी पोचेन. बाबांच्या थोड्याच वस्तू बांधून ठेव. विमान आणि तारा पेटीत घालून माळ्यावर ठेव, इथे बघून त्यांना त्रास होईल.

तू खूप केलंस. आता आमची पाळी.

तुझ्या रागालोभाचा सारखाच हक्कदार,
दिग्विजय

*

बोईसर,
६ जानेवारी २०२५

चि. दिगू यास,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

आधी हे सांगते की बाबा ठीक आहेत. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला चार टाके आहेत. घाबरू नकोस, पुढे वाच.

काल रविवार. म्हटलं, तीनच रविवार राहिलेत, उडो न उडो, उतरूया. इंजिन सुरू झालं, बाबा मध्यावर गेले, हँडल उचललं, वळले, आणि थांबले. नेहमीसारखंच. मी शेपूट धरून उन्हाला तोंड करून बसलेली. मग त्यांनी हँडल गवतात ठेवलं आणि ते माझ्याकडे चालत यायला लागले. इंजिन जोरात चालू. मला वाटलं, काहीतरी सांगायचं असेल. ते जवळ आले, वाकले, आणि पंखा फिरवायला बोट पुढे केलं. फिरणाऱ्या पंख्यात, दिगू. इंजिन सुरू करताना करतात तसं, अगदी सावकाश, सवयीने.

मी विमान मागे ओढलं. माझ्यात एवढी चपळाई आहे हे मला माहीत नव्हतं. बोटाचं टोक तेवढं लागलं. इंधनाची नळी उपटली, इंजिन थांबलं. बाबा बोटातून वाहणाऱ्या रक्ताकडे बघत नव्हते. पंख्याकडे बघत होते. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं,

“चालू होतं?”

मी हो म्हणाले. त्यांना ते कळलं नाही. मी मान हलवली. तेव्हा त्यांनी विचारलं, “दर वेळी?”

बाबा काही विसरले नाहीत, दिगू. बाबांना ऐकू येत नाही. ते मध्यावर जाऊन वळायचे आणि इंजिनाचा आवाज लागायची वाट बघायचे. आवाज आल्याशिवाय हात वर करायचा नाही, ही त्यांची पहिल्या दिवसापासूनची शिस्त. सायलेन्सर नव्हता तोवर ती किंचाळी त्यांच्यापर्यंत पोचत होती. अख्ख्या बोईसरात त्यांच्याशी स्पष्ट बोलणारं ते इंजिन एकच उरलं होतं, आणि आपण तिघांनी मिळून त्याचं तोंड बांधलं. तू सायलेन्सर बनवलास, मेहुलने अर्ज दिला, मी नोटीस बजावली.

संध्याकाळी मी त्यांच्या मागे उभी राहून हाक मारली. मग ओरडले. मग कुकरचं झाकण फरशीवर टाकलं. खालून भाविका धावत वर आली, काय पडलं म्हणून. बाबांनी पेपरचं पान उलटलं.

आज रजा टाकून पालघरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही कान बरेच गेले आहेत, आणि बऱ्याच वर्षांपासून जात होते. कारखान्यातल्या नोकरीचं व्याज. म्हणजे उतू जाणारं दूध त्यांना ऐकू येत नव्हतं, नळ ऐकू येत नव्हता, बेल ऐकू येत नव्हती. आणि हो का म्हणायचे, तेही विचारलं, कागदावर लिहून. म्हणाले, हो म्हटलं की माणसं लवकर जातात. मी एवढी वर्षं त्यांच्याशी वाद घालतेय आणि प्रत्येक वाद हरलेय, का ते आज समजलं.

तुला राग येईल असं एक लिहिते. तू आवाज मोजून पैसे मिळवतोस. बाबांच्या कानापर्यंत किती पोचतो, ते मोजायचं आपल्या दोघांना सुचलं नाही. मी तर रोज समोर होते.

आता खरं सांगू? दवाखान्यातून येताना बसमध्ये बाबा खिडकीशी बसले होते आणि मला इतका आनंद झाला होता की शेजारच्या बाईला सांगावंसं वाटलं. मग उमरोळी आली आणि माझ्या लक्षात आलं की मी हे काय केलं. बाबा विसरत नाहीत, म्हणजे बाबा कुठे जायला नकोत. मी गप्प राहिले असते तर सव्वीस तारखेला सुटले असते. जामीन मंजूर झाला होता. मीच कोर्टात जाऊन तो रद्द करून आले.

सूटकेस परत माळ्यावर टाकली. रिकामी असून जड लागली.

लोभ असो नसो, हे पत्र फाडू नकोस.
ताई

*

चाकण,
१५ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीळगूळ सोबत आहे. पत्र वाचून हिमानी रडली, मीही जवळजवळ. दोन दिवस कामात लक्ष नव्हतं. आवाज मोजायचं तू लिहिलंस ते लागलं. लागायलाच हवं होतं.

पण केवढं ओझं उतरलं, ताई. मी बाबांचा चेहरा डोळ्यांसमोर आणून रोज घाबरत होतो. आता फक्त कान. कानाचं यंत्र चांगल्यातलं घे, ते माझ्याकडून. दुसरा सायलेन्सर पाठवतो आहे, पहिल्याच्या निम्म्या वजनाचा. गेल्या वेळी मी घाईत जाड पत्रा वापरला होता. सायलेन्सर काढून टाका असं म्हणवत नाही, मेहुलच्या पोराची झोपही खरीच आहे.

आता २६ला यायची तशी घाई राहिली नाही. हिमानीच्या माहेरी त्या दिवशी पूजा आहे, तिकडे जाऊन येतो. खोली दर्पणला दिली, त्याचं बारावीचं वर्ष जवळ आलं आहे. उन्हाळ्यात सवडीने येईन.

तू आहेस म्हणून मला बाबांची काळजी नाही.

नेहमीप्रमाणे तुझ्या लोभावर विसंबून,
दिग्विजय

*

बोईसर,
२७ जानेवारी २०२५

चि. दिगू यास,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

‘तू आहेस म्हणून मला काळजी नाही.’ हे वाक्य मी फ्रिजच्या दारावर लावलं आहे. दूध काढताना रोज वाचते. कुलपाला कान असते तर मालकाच्या तोंडून त्याने हेच ऐकलं असतं.

यंत्र आणलं. बाबा ते चहापुरतं लावतात. पहिल्या दिवशी लावल्यावर त्यांना कुकर, पंखा, वरच्या मजल्यावरचं फर्निचर आणि मी, असं सगळं एकदम ऐकू आलं. त्यांनी विचारलं की मी नेहमीच एवढी बोलते का. तेव्हापासून डबीत असतं. इंजिनापाशी तर ते लावताच येत नाही, कानात सुऱ्या खुपसल्यासारखं होतं म्हणतात.

मग त्यांनीच तोड काढली. त्यांनी कागदावर मला लिहून दिलं की, यापुढे हात तू वर करायचा. म्हणजे इंजिन ते सुरू करणार, मध्यावर जाणार, आणि ते पोचेपर्यंत सुई पिळून आवाज मी लावणार. आवाज लागला की मी एक हात वर करायचा, त्यांनी हँडल हलवून होकार दिला की सोडायचं. आवाज कसा असावा, तेही शिकवलं. आधी घोगरा, इंधन जास्त झालेला. मग सुई थोडी थोडी मिटत न्यायची, आणि चिमीची आरोळी वळणावर जशी एकदम वर चढते तसा चढला की तिथेच थांबायचं. चिमीची आरोळी त्यांनी शेवटची केव्हा ऐकली असेल कोण जाणे. पण आठवत होती, बरोबर.

काल सव्वीस जानेवारी. सकाळी सचिवांनी झेंडा फडकवला, मुलांना लाडू वाटले. मग आम्ही तारा उलगडल्या. नवा सायलेन्सर हलका आहे, बाबांनी तोलून पाहिला आणि काही बोलले नाहीत, म्हणजे पसंत आहे. भाविका पोराला घेऊन गॅलरीत उभी होती.

बाबा मध्यावर गेले, हँडल उचललं, वळले. मी सुई पिळत होते. आवाज लागला, दिगू. मला तो लागलेला कळला. आता हात वर करायचा. बाबा सोळा मीटरवर उभे, टाके काढलेलं बोट हँडलवर, माझ्याकडे बघत. त्यांना काहीही ऐकू येत नव्हतं. मी हात वर करेपर्यंत ते तसेच उभे राहिले असते, इंधन संपेपर्यंत, उन्हं डोक्यावर येईपर्यंत. आणि मी हात वर केला नाही. किती वेळ ते सांगता येणार नाही. मला फक्त बघायचं होतं की दोघांपैकी नक्की कोण कुणाला बांधलेलं आहे. शेपूट माझ्या हातात थरथरत होती, तिला जायचं होतं.

मग मी हात वर केला. बाबांनी हँडल हलवलं. मी सोडलं.

उडालं. पहिल्या फेरीतच तारा ताठ झाल्या. बाबा पूर्वीसारखे टाचेवर गोल फिरत होते, डोळे विमानावर, आणि हँडल धरलेल्या हाताकडे बघूनच कळत होतं की विमान कसं ओढतंय. नंतर मी पाटीवर लिहून विचारलं की आवाजाशिवाय इंजिनाचं कसं कळतं. म्हणाले, तारा ताठ असल्या की हातातच कळतं. सैल पडल्या तरच भीती.

मेहुल झोपला होता. उठल्यावर त्याने विचारलं म्हणे, आज अंकलने उडवलं नाही का?

तर आता नोटीस. तिची एक प्रत सही करून परत पाठव, सचिव म्हणून मला ती लागेल.

‘आपणास कळविण्यात येते की, श्री. बन्सीधर यांच्या विमानास ऐकू येणाऱ्या कानांची व शेपूट धरणाऱ्या हातांची कायम गरज आहे. प्रत्येक महिन्याचा पहिला रविवार आपला. आदल्या संध्याकाळी हजर राहावे. पूजा, बारावी, माहेर ही कारणे ग्राह्य धरली जाणार नाहीत. सुई पिळण्याचे प्रशिक्षण जागेवर मिळेल. त्या दिवशी सचिव वाघोबा खिंडीपलीकडे असतील व कुठे आहेत हे विचारू नये.’

हा विनोद नाही. एवढी वर्षं मी प्रत्येक गोष्ट विनोदाने लिहिली आणि तू हसून पुढची कामं केलीस. तुझा दोष नाही, मीच सायलेन्सर लावून बोलत होते. आता काढून लिहिते. मला यातून सुटायचं नाही. महिन्यातून एक दिवस कुणीतरी शेपूट धरावी एवढंच हवं आहे. पहिला रविवार दोन फेब्रुवारीला आहे. मी डबा करून ठेवणार नाही.

कळावे. लोभ प्रत्यक्ष घेऊन यावा.
तुझी ताई,
वर्षाराणी

ता. क. पत्र बंद करता करता भाविकाची गाळणी आठवली. नवी कधीची आणली, तिचीच द्यायची राहिली होती. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये ही आईची शिस्त. पण गाळणीत भरणार काय? साखर खाली गळते, आणि चिमीचे बोंबील त्यांच्या घरात चालत नाहीत. शेवटी घासूनपुसून तिच्यात चहाची पुडी ठेवली आणि पिशवीत घातली. मेहुल रात्रपाळी करून आलेला, आत दोघंही झोपले असतील, तो आणि पोरगं. पिशवी दाराच्या कडीला अडकवून आले. बेल वाजवली नाही.